जावानी नृत्याचा पोशाख हाताने कसा करावा

गोलेक हे जावा बेटावरचे स्त्रीनृत्य. त्याचा विषय एका ओळीत सांगता येतो: वयात आलेली मुलगी नटते आहे. ती तळव्याचा आरसा करून त्यात पाहते, गालांना पावडर लावते, कपाळावरचा दागिना नीट बसवते. या हालचालींना जावानी भाषेत नावे आहेत. आरशात पाहणे म्हणजे ‘न्गिलो’, पावडर लावणे ‘तासिकान’, कपाळावरची पट्टी नीट बसवणे ‘आत्राप जामांग’. आता बोटे डौलात कपाळाकडे गेली आणि पट्टी कानावर घसरलेली असली, तर नाच तिथेच मोडतो. म्हणून हा पोशाख शिवणाऱ्याने आधी नाच पाहावा, मग कात्री हातात घ्यावी. मला हे शिकवले नेदरलँड्समधल्या द हेग शहरात आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका म्बाहने. म्बाह म्हणजे जावानीत आजी.

म्बाहचा जन्म सुरिनामचा. दक्षिण अमेरिकेतल्या या डच वसाहतीत ९ ऑगस्ट १८९० रोजी जावामधून ९४ मजुरांची पहिली तुकडी उतरली. १९३९ पर्यंत जवळजवळ ३३ हजार जावानी माणसे करारावर तिथल्या मळ्यांत कामाला गेली. आपल्याकडचे गिरमिटिये त्याच मळ्यांवर १८७३ पासून राबत होते. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाले आणि त्या सुमारास पुष्कळ जावानी कुटुंबे नेदरलँड्सला आली. म्हणजे या घराण्यांनी दोनदा समुद्र ओलांडला. पहिल्या वेळी सोबत कांस्याची वाद्ये नव्हती, तर त्यांनी लोखंडी पट्ट्यांचे गामेलान, म्हणजे जावानी वाद्यवृंद, केले. जारान केपांग या नाचाचे घोडे तिथल्याच बांबूचे विणले. पोशाखाचीही तीच तऱ्हा. जावामध्ये जामांग (कपाळपट्टी), बाजूबंद, कंबरपट्टा हे सारे कातड्याचे असते. छिन्नीने जाळी कोरायची आणि वर सोनेरी रंग द्यायचा, चामड्याच्या बाहुल्या करतात तसेच. इथे नेदरलँड्समध्ये ते काम येणारा कारागीर नाही, तसे कातडेही नाही. तरी दर वर्षी मुली नाचतात आणि पोशाख तयार होतात.

मी मुळात ब्लाउज शिवणारी. मंडळाच्या गणपतीतले मुलींचे कपडे शिवता शिवता म्बाहच्या गटात ओढली गेले. नाच शिकवणाऱ्या बाई जावातल्या योग्यकार्ता या शहराच्या पद्धतीचे शिकवतात, म्हणून खाली दिलेला पोशाख त्या पद्धतीचा आहे: बाटिकचे (मेणाने नक्षी काढून रंगवलेल्या कापडाचे) कमरेला गुंडाळायचे जारिक, मखमलीची बिनबाह्यांची रोम्पी, कमरेला संपुर नावाची लांब ओढणी आणि दागिने. दरबारी नाच राजवाड्याबाहेर शिकवणारी पहिली संस्था योग्यकार्तात १९१८ मध्ये सुरू झाली. आज द हेगच्या सभागृहात कोणाचीही मुलगी तो शिकते, त्याची सुरुवात तिथे आहे.

काय मागवावे, काय घरी करावे

जारिक आणि स्तागेन या दोन गोष्टी इंडोनेशियातून मागवा. कोणी जात-येत असेल तर त्याच्याबरोबर आणा. दोन्ही घडी करून बॅगेत सहज मावतात आणि दोहोंना चांगला पर्याय नाही. जारिक म्हणजे सुमारे अडीच मीटर लांब आणि एक मीटरपेक्षा थोडे अधिक रुंद असे सुती बाटिक. स्तागेन म्हणजे वीतभरापेक्षा अरुंद पण कित्येक मीटर लांब असा जाड विणीचा पट्टा, तो पोटाभोवती गुंडाळतात.

बाकी सगळे घरी होते. एका मोठ्या मुलीसाठी मला लागते ते असे: काळी किंवा गडद लाल मखमल १ मीटर, अस्तराला सुती कापड तेवढेच, जरीची अरुंद गोट ७-८ मीटर, संपुरसाठी शिफॉन ३ मीटर, सोनेरी टिकल्या आणि बारीक मणी, ३ मिलिमीटर जाडीच्या फोमचे दोन-तीन ताव, सोनेरी आणि पिवळसर मातकट ॲक्रिलिक रंग, लाकडाला लावायचा पांढरा डिंक, रुंद इलॅस्टिक, हूक, आणि लाल-हिरवे काचेसारखे खडे. द हेगच्या मोठ्या बाजारात कापडवाल्यांकडे मखमल आणि शिफॉन मिळते. गोट आणि टिकल्या मी पुण्याहून आणते. रविवार पेठेत ज्या रुंदीची जर मिळते ती इथे शोधून सापडत नाही.

मापे घेताना मुलीला सरळ उभी करून भागत नाही. या नाचात गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसल्यासारखे राहायचे असते, त्याला ‘मेंढाक’ म्हणतात. हात कोपरातून उचललेले असतात. तेव्हा छाती आणि पाठीचे माप हात उचलूनच घ्या. कमरेपासून घोट्यापर्यंतचे माप मेंढाकमध्ये एकदा आणि उभे राहून एकदा घ्या. डोक्याचा घेर अंबाडा घातल्यावर मोजा. हे विसरलात तर जामांग ऐन कार्यक्रमाच्या दिवशी बसत नाही.

जारिक आणि त्याची विरु

खरी मेहनत इथे आहे. लोक टिकल्यांवर आठवडा घालवतात आणि जारिक आयत्या वेळी गुंडाळतात. प्रेक्षकाला टिकली दिसते, पण नाच पायातल्या कापडातून दिसतो.

कापड निवडताना उलटी बाजू पाहा. मेणाने केलेल्या बाटिकचा रंग दोन्ही बाजूंना आरपार असतो. छापील कापडाची मागची बाजू फिकी असते. छापील घेण्यात काही कमीपणा नाही. लहान मुलींना आम्ही तेच देतो, कारण घामाने आणि धुण्याने कापड झिजतेच. फक्त ते सुती हवे. पॉलिस्टरला घडी धरत नाही.

नक्षीबद्दल दोन गोष्टी सांभाळा. गरुडाच्या पंखांची नक्षी असेल तर पंख वरच्या दिशेने राहिले पाहिजेत. दुसरे, ‘पारांग’ नावाची तिरप्या पट्ट्यांची नक्षी एके काळी राजघराण्यापुरती राखीव होती. आज ती सर्रास नेसतात, तरी गटाच्या गुरूला विचारून घ्या. योग्यकार्ताच्या बाटिकची जमीन पांढरी असते, सोलो या जावातल्या दुसऱ्या दरबारी शहराच्या बाटिकची पिवळसर. एकाच नाचातल्या चार मुली वेगवेगळ्या जमिनीचे जारिक नेसल्या तर लांबून लगेच खटकते.

नवे कापड आधी धुवा. जावामध्ये बाटिक ‘लेराक’ नावाच्या फळाच्या फेसात धुतात. हे फळ आपल्या रिठ्याचे सख्खे भावंड आहे, म्हणून मी घरचा रिठाच वापरते. रात्री आठ-दहा रिठे भिजत घाला, सकाळी चोळून पाणी गाळा, त्यात कापड हलक्या हाताने बुडवून काढा. पिळू नका. सावलीत वाळवा आणि थोडे ओलसर असतानाच इस्त्री करा.

आता विरु. विरु म्हणजे जारिकच्या टोकाला घालायच्या निऱ्या, पण साडीच्या निऱ्यांची कल्पना मनातून काढून टाका. साडीच्या निऱ्या नेसताना बोटांवर घेतो आणि त्या मोकळ्या सुटतात. विरु आधीच बसून घालायची असते, इस्त्रीच्या धारेची, पंख्यासारखी एकावर एक. टेबलावर जाड चादर पसरा आणि कापडाचे आखूड टोक आपल्याकडे घ्या. या टोकाला पांढरी किनार असते, तिला ‘सेरेद’ म्हणतात. योग्यकार्ताच्या पद्धतीत ती पांढरी किनार बाहेर दिसू देतात, सोलोच्या पद्धतीत आत दुमडून लपवतात. कोणाचा नाच आहे ते यावरूनच कळते, तेव्हा पहिली घडी विचार करून घाला.

घडीची रुंदी बायकांसाठी दोन बोटे. पहिली घडी दाबा, कापड उलटा, तेवढ्याच रुंदीची दुसरी घडी त्याच्यावर आणा, पुन्हा उलटा. घड्यांची संख्या विषम ठेवतात: सात, नऊ किंवा अकरा. बारीक मुलीला नऊ पुरतात. प्रत्येक घडी वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीची हवी. वर दोन बोटे आणि खाली अडीच झाली की विरु तिरपी लटकते. मी पुठ्ठ्याची दोन बोटे रुंद पट्टी कापून ठेवली आहे. प्रत्येक घडी तिच्यावर दुमडते, म्हणजे मोजावे लागत नाही. म्बाह पट्टी वापरत नाही, तिच्या बोटांना ते माप पाठ आहे.

सगळ्या घड्या झाल्या की कपड्यांच्या लाकडी चिमट्यांनी वर, मध्ये आणि खाली पकडा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. नेसेपर्यंत चिमटे काढायचे नाहीत.

नेसवताना मुलीला मेंढाकमध्ये उभी करा. ती सरळ उभी असताना घट्ट गुंडाळलेत तर गुडघे वळणार नाहीत. सैल ठेवलेत तर विरु उघडून पायात येईल. बरोबर बसले आहे का हे पाहायला तिला ‘स्रिसिग’ करायला सांगा, म्हणजे चवड्यांवर बारीक, भराभर पावले टाकत खोली ओलांडायची. विरु पावलागणिक थोडीशी उघडून मिटली पाहिजे. कापड घोट्याशी येईल अशा बेताने वरचा भाग आत दुमडा. लहान मुलींसाठी जास्तीचे कापड वर दुमडले जाते, कापू नका. पुढच्या वर्षी ती वाढणार आहे.

सहा-सात वर्षांच्या मुलींसाठी काही जणी जारिकचा स्कर्ट शिवतात, मागे चेन लावतात. इतक्या लहान मुलींसाठी मला ते पटते, कारण त्यांना धड उभे राहवत नाही. त्याहून मोठ्यांना मात्र गुंडाळूनच नेसवा. पावलाची लांबी कापड ठरवते, आणि ती चाल स्कर्टात येत नाही.

जारिकवर स्तागेन. एकीने टोक धरायचे आणि नाचणारीने हळूहळू स्वतःभोवती गिरकी घेत ते गुंडाळून घ्यायचे. खालून वर जा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा यावा. घट्ट, पण पोटभर श्वास घेता आला पाहिजे.

मखमलीची रोम्पी

ब्लाउज येत असेल तर रोम्पी अवघड नाही. बिनबाह्यांची, कमरेच्या थोडी खाली येणारी, अंगाला बेतशीर बसणारी. मी अंगाला बसणाऱ्या जुन्या ब्लाउजवरून कागदी बेत काढते, बाह्या गाळते, लांबी वाढवते. बगलेखाली एक बोट जास्त खोल कापते, म्हणजे कोपरे उचलल्यावर काखेत ओढ बसत नाही.

मखमलीला लव असते. हात वरून खाली फिरवला तर कापड चमकते, खालून वर फिरवला तर गडद दिसते. पुढचे दोन्ही भाग आणि पाठ एकाच दिशेने कापली पाहिजेत. माझ्या पहिल्या रोम्पीत कापड वाचवायला मी एक भाग उलटा बसवला. घरी काहीच कळले नाही. सभागृहात दिवे लागले तेव्हा मुलीचा डावा अर्धा भाग मरून आणि उजवा काळा दिसला. ती रोम्पी मी रात्री बसून उसवली. तेव्हापासून कापायच्या आधी उलट्या बाजूला खडूने बाण काढते.

कडेने तीन सेंटिमीटर कापड शिलाईत ठेवा. आधी कच्चे टाके घाला, कारण मखमलीचे दोन थर टीप मारताना एकमेकांवरून सरकतात. अस्तर वेगळे शिवून आत बसवा. उघडझाप मागून ठेवा आणि हुकांच्या दोन रांगा लावा, दोन बोटांच्या अंतराने. एकच रोम्पी दोन अंगलटींना बसते. इस्त्री मखमलीवर थेट फिरवू नका. जाड टॉवेलवर पालथी घालून उलट्या बाजूने वाफ द्या.

गळा, बगला, पुढची कड आणि खालची कड या सगळ्यांवर जरीची गोट हातानेच लावा, दोन्ही कडांना बारीक टाक्यांनी. चिकटवायचा मोह होतो. दिव्यांच्या उष्णतेत आणि घामात ती सुटते, म्हणून चिकटवू नका. पुढे वेलबुट्टी हवी असेल तर मागच्या बाजूला पातळ कागदावर नक्षी काढून कच्च्या टाक्यांनी जोडा, टाके पुढे उमटतील, त्यांवर टिकल्या लावा. टिकली अशी: सुई खालून वर, टिकलीतून, मग बारीक मण्यातून, आणि पुन्हा त्याच टिकलीच्या भोकातून खाली. मणी टिकलीला धरून ठेवतो. दर पाच-सहा टिकल्यांनंतर मागे गाठ मारा. दोरा तुटला तर पाचच टिकल्या जातील, अख्खी वेल गळणार नाही. खांदे आणि कंबर मोकळी ठेवा. कमरेवर पट्टा येणार आहे, तिथे टिकल्या बोचतात आणि तुटतात.

संपुर

संपुर कमरेला पट्ट्याखाली मध्यावर धरून दोन्ही टोके बाजूंनी सोडतात. नाचणारी त्याचे टोक चिमटीत धरते, मनगटाने झटकते, खांद्यावर टाकते, पुन्हा सोडते. या झटक्याला ‘सेब्लाक’ म्हणतात. संपुर हवेत उघडला पाहिजे आणि वेळेवर खाली आला पाहिजे. म्हणून त्याच्या वजनावर जितका विचार कराल तितका थोडा.

मोठ्यांसाठी ३ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद, लहान मुलींसाठी सव्वादोन मीटर पुरे. शिफॉन घ्या. मी पहिला संपुर साटीनचा केला होता, फार चमकदार होता. झटकला की दगडासारखा पडायचा आणि दोन बोटांतून निसटायचा. शिफॉन थोडे खरखरीत असते, चिमटीत राहते.

कडांना पुण्यात असते तर पिको करून आणला असता. इथे हातानेच गोल दुमड घालते: बोट किंचित ओले करून कड गुंडाळायची आणि बारीक टाक्याने धरायची. एका संपुरला दोन संध्याकाळी जातात. दोन्ही टोकांना मण्यांची झालर येते आणि वजन तीच देते. एकदम सगळी झालर लावू नका. आधी प्रत्येक टोकाला दहा-बारा सरी लावा आणि नाचणारीला झटकून पाहू द्या. टोक वर तरंगत राहिले, बाजूच्या मुलीला गुंडाळले, तर सरी वाढवा. नडगीवर आपटून लागले तर कमी करा. टोकापासून वर हातभर लांबीत लांब कडांना मणी लावू नका. तिथे चिमूट धरायची असते, मणी बोटांत अडकतात.

रंग मखमलीच्या विरुद्ध निवडा. काळ्या रोम्पीवर लाल किंवा पिवळा संपुर लांबूनही दिसतो.

जामांग, म्हणजे कपाळपट्टी

जामांग पाहिले की मला आपले बाशिंग आठवते. तोच पुठ्ठा, तीच बेगड, कपाळाशी तीच उंची. करण्याची रीतही ओळखीची वाटेल.

अंबाड्यासकट घेतलेल्या मापाचा दोन तृतीयांश लांब कागद घ्या, मधोमध दुमडा आणि अर्धीच आकृती काढा. दुमडीपाशी उंची सहा-सात सेंटिमीटर, मग कमळाच्या पाकळ्यांसारखी कड उतरत कानापाशी दोन सेंटिमीटर. कापून उलगडला की दोन्ही बाजू सारख्या. हा कागद मुलीच्या कपाळावर धरून पाहा. पट्टीची खालची कड केसांच्या रेषेवर हवी, भुवईवर नको. ‘आत्राप जामांग’ करताना तिची बोटे जिथे जातात तिथे पट्टी आहे ना, ते आताच तपासा.

मग फोमवर दोन ताव कापा. वरच्या तावात वेलींच्या मधली जागा धारदार सुरीने कोरून जाळी करा, खालचा ताव भरीव ठेवा. दोन्ही चिकटवले की कोरीव कातड्याचा भास होतो. केस वाळवायच्या यंत्राने फोम गरम करून पातेल्याच्या बुडावर दाबून धरा आणि थंड होऊ द्या. फोम तो गोलवा धरून ठेवतो. हे रंगाच्या आधी करा, नंतर केले तर रंगाला तडे जातात.

फोम रंग पितो. म्हणून पांढऱ्या डिंकात तेवढेच पाणी घालून दोन हात द्या. वाळले की पिवळसर मातकट रंगाचा एक हात द्या, त्यावर सोनेरीचे दोन पातळ हात. थेट सोनेरी दिलात तर तो राखाडी दिसतो, मातकट पिवळ्यावर तो उबदार होतो. जाळीतून दिसणारा खालचा ताव लाल रंगवा. खडे शेवटी. मागच्या बाजूला पिसांचा तुरा उभा करतात. राजवाड्यातल्या जुन्या पोशाखांत कॅसोवरी पक्ष्याची पिसे असत. तुम्ही हस्तकलेच्या दुकानातली रंगवलेली हंसाची पिसे घ्या. रानपक्ष्यांची पिसे कोणी आणून देतो म्हटले तरी घेऊ नका.

आतून कपाळाला लागणाऱ्या भागावर लोकरी कापडाची पट्टी चिकटवा. तिने घाम शोषला जातो आणि पट्टी घसरत नाही. मागे रुंद इलॅस्टिक, आणि दोन्ही कानांमागे दोऱ्याचे एकेक फासे शिवा. त्यांतून केसांच्या पिना घालायच्या. निव्वळ इलॅस्टिकवर भरवसा ठेवू नका.

उरलेले दागिने याच रीतीने होतात. ‘सुम्पिंग’ हा कानावर बसणारा पंखासारखा दागिना. त्याला कापड गुंडाळलेल्या तारेचा आकडा लावा आणि खाली रेशमी गोंडा सोडा. तो हलका हवा, नाहीतर अर्ध्या नाचात कान दुखतो. ‘क्लात बाहू’ म्हणजे आपली वाकी. त्यातला बाहू आपलाच, संस्कृतातून तिथे गेलेला. तसाच ‘बुसाना’, म्हणजे पोशाख, हा शब्द आपल्या भूषणावरून आला. ही वाकी इलॅस्टिकवर शिवा. कंबरपट्ट्याला ‘स्लेपे’ म्हणतात: जाड कॅनव्हासची चार बोटे रुंद पट्टी, वर मखमल, पुढे फोमचे सोनेरी बक्कल, मागे चिकटपट्टी (व्हेल्क्रो). गळ्यात चंद्रकोरींचा तीन पदरी हार, तोही फोमचाच, पण त्याची साखळी धातूची घ्या. दोऱ्यावर तो फिरून पाठीमागे जातो.

नेसवण्याचा क्रम

आत सायकलिंगची चड्डी. मग जारिक, स्तागेन, रोम्पी. संपुर कमरेला, त्यावर स्लेपे करकचून. मग हार. केसांचा अंबाडा आधीच झालेला असावा. त्यात मेलातीची फुले माळतात; मेलाती म्हणजे आपला मोगरा. हेगच्या थंडीत मोगरा कुठला, म्हणून टिश्यू कागदाच्या कळ्या वळून दोऱ्यात ओवतात. मुलींना हे काम फार आवडते, तासाभरात हातभर गजरा होतो. शेवटी जामांग, सुम्पिंग, कुड्या, वाक्या. एका मुलीला दोघींनी मिळून पाऊण तास लागतो. चार मुली असतील तर दोन तास आधी पोहोचा.

तयार झाल्यावर नाचाचा सर्वांत वेगाचा तुकडा तिला तिथेच करायला सांगा. स्रिसिगने दोनदा खोली ओलांडायची, दोन्ही हातांनी सेब्लाक, मग मान बाजूला नेऊन आत्राप जामांग. काही सैल असेल ते या तीन गोष्टींत सुटते. आताच्या आता दोन टाके घाला. पिशवीत काळ्या आणि सोनेरी दोऱ्याच्या दोन सुया ओवून तयार ठेवा, मोठ्या सेफ्टी पिना आणि लाकडी चिमटेही.

कार्यक्रमानंतर

पोशाख घामट असताना डब्यात कोंबू नका. रोम्पी उलटी करून रात्रभर हँगरला टांगा, काखेच्या अस्तरावरून पाण्यात पिळलेला फडका फिरवा. मखमल धुवायची नाही. जारिक दर वेळी धुवायची गरज नसते, पण धुतलेत तर विरु पुन्हा घालावी लागणार. न धुता ठेवणार असाल तर घड्यांना चिमटे लावूनच वारा द्या. संपुर गार पाण्यात बुडवून काढा आणि मण्यांचा भार कापडावर न येईल असा आडवा वाळवा. दागिने पुठ्ठ्याच्या खोक्यात, जामांगच्या पोटात कागदाचे बोळे भरून. फोमवर जड काही ठेवलेत तर दोन महिन्यांत तो चपटा होतो.

जावामध्ये बाटिकच्या कपाटात ‘आकार वांगी’ ठेवतात. नावाचा अर्थ सुगंधी मूळ, आणि ते मूळ म्हणजे आपला वाळा. म्बाहच्या कपाटाचे दार पहिल्यांदा उघडले तेव्हा मला आजोळच्या माठातल्या पाण्याचा वास आला. मलमलच्या पुरचुंडीत मूठभर वाळा बांधून जारिकांच्या मध्ये ठेवा, कसर लागत नाही. दर पावसाळ्यानंतर, म्हणजे इथे वर्षातून दोन-तीनदा, पुरचुंडी उन्हात वाळवा.

रोम्पीच्या शिलाईत सोडलेले तीन सेंटिमीटर आठवतात ना? हंगाम संपला की पुढच्या मुलीचे माप घ्या, बगलेची शिवण उसवा आणि लागेल तेवढी सोडा. प्रत्येक वेळी अस्तराच्या आत, पाठीच्या मधोमध, घालणारीचे नाव आणि साल दोऱ्याने भरा. म्बाहने दिलेल्या लाल रोम्पीत चार नावे आहेत. सर्वांत वरचे तिच्या मुलीचे आहे, आणि चौथ्याखाली अजून दोन ओळींची जागा आहे.